गाडीचं नाक

घाटात, युआन-फंगच्या थांब्याअलीकडच्या चढावर गाडीने पहिला गचका खाल्ला, मग दुसरा. तिसऱ्याला मागून काळा धूर ओकून ती मुकाट्याने बंद पडली. धुकं इतकं दाट होतं की बी-लुआनला पुढचं चाक तेवढं दिसत होतं.

"झालं?" मागच्या सीटवरून हुओ-मूने विचारलं.

"उतर."

"उतरतोच आहे. बसने जाऊ म्हटलं होतं मी. बसमध्ये निदान झोप तरी लागते."

हुओ-मू तिचा नवरा. पू-लीच्या कागद कारखान्यात सगळी उमर बॉयलरवर घालवून नुकताच घरी बसलेला. बी-लुआन मात्र अजून शेतात उतरायची. कमरेइतक्या गार पाण्यात उभं राहून पाणबांबूचे कोंब कापायचे, हे तिचं काम. साठी जवळ आल्यावर तिने मोठ्या मोटरसायकलचं लायसन काढलं आणि एक जुनी दोन सिलिंडरची गाडी विकत घेतली, तेव्हा अख्ख्या गल्लीला विषय मिळाला. तिचं कारण साधं होतं. शेतात वाकून वाकून पाठ अवघडली की ती ताठ व्हायची, आणि ताठ झालं की समोर हाच डोंगर दिसायचा. बसने ती वर दोनदा जाऊन आली होती. पण काचेआडून डोंगर बघणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं जेवण बघणं, असं तिचं मत होतं.

धुक्यातून कोबीने भरलेला ट्रक खाली आला आणि त्यांच्याजवळ हळू झाला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "काय आजी, या वयात ढकलताय होय? आजोबांना ढकलू द्या की!"

"आजोबांनाच ढकलावं म्हणतेय, पण दरी दिसत नाही," बी-लुआन म्हणाली.

ट्रक हसत हसत निघून गेला. दोघांनी गाडी वळवली आणि इंजिन बंद ठेवून उतारावर सोडून दिली. त्सुई-फंगला पोचल्यावर तिने स्टार्टर मारला. गाडी खोकली, थुंकली आणि चालू झाली. वू-शे गाव आलं तोवर ती अशी गुणी पोरीसारखी चालू लागली, जणू वर काही घडलंच नव्हतं.

"बघ, हिलाही खालीच बरं वाटतं," हुओ-मू म्हणाला.

बी-लुआनला राग आला नव्हता, नवल वाटत होतं. गाडी तीच, पेट्रोल तेच, माणसंही तीच. मग वर असं काय होतं, जे खाली नव्हतं?

त्साओ-तुनमध्ये लियाओ यान-रूचं गॅरेज होतं. पस्तिशीची, बारीक चणीची, केस कानापाशी कापलेली बाई. बोलायला फटकळ. ती फक्त इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल मोजून फवारणाऱ्या गाड्या ट्यून करायची. तिने सगळं ऐकून घेतलं, प्लग काढले आणि बी-लुआनच्या तळहातावर ठेवले. दोन्ही प्लग चुलीतल्या कोळशासारखे काळेकुट्ट.

"मावशी, गाडी उपाशी नाही मेली. खाऊन खाऊन मेली." मग तिने सीट काढली, वायरींच्या जुडग्यात बोटं घातली आणि काडेपेटीएवढी एक डबी बाहेर ओढली. "आणि हा खाऊ घालणारा. हे कुणी बसवलं?"

"आधीच्या मालकाने बसवलं असेल. मला आहे हेही माहीत नव्हतं. काय करतं ते?"

"खोटं बोलतं." यान-रूने डबी बाकावर टाकली. "गाडीला हवेचं तापमान सांगणारा एक सेन्सर असतो. हे मध्ये बसतं आणि सांगतं, बाहेर कडाक्याची थंडी आहे. थंड हवा दाट असते, म्हणून गाडी बिचारी जास्त पेट्रोल टाकते. त्याने हा मोकळा सायलेन्सर बसवलाय ना, त्यामुळे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून मिक्श्चर सुकं झालं असणार. फटफट आवाज यायला लागला असेल. मग ट्यूनिंग करायच्या ऐवजी घेतली स्वस्तातली डबी आणि बटण फिरवलं शेवटपर्यंत."

"म्हणजे हिला बारा महिने वाटत होतं, बर्फ पडतंय?"

"बारा महिने. पू-लीच्या उन्हाळ्यातसुद्धा. खाली ते कसंबसं पचून जातं. वर हवाच कमी. त्यात हे जादा पेट्रोल. जळणार कशाने?"

बी-लुआनला त्या गाडीची दया आली. इतके महिने ती गाडीला दोष देत होती, आणि गाडी आपली सांगितलं तेच खरं मानून प्रामाणिकपणे चालत होती.

यान-रूने गाडी रोलरवर चढवली, चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळली आणि पुढे मोठा पंखा लावला. सायलेन्सरमध्ये एक नळी खुपसली. "कानावर हात ठेवा, काका," ती म्हणाली आणि तिने मूठ पिळली.

गाडी जागच्या जागी धावायला लागली. पायाखालची फरशी थरथरली. मागचं चाक इतकं फिरलं की आरे दिसेनासे झाले, आणि गाडी मात्र बोटभरही पुढे सरकली नाही. भिंतीवरच्या पडद्यावर एक लाल रेघ उमटत गेली. कुठे उंच, कुठे खचलेली, मध्येच दातेरी. आवाज ओसरल्यावरही बी-लुआन त्या रेघेसमोरून हलली नाही.

"ही हिची रेघ?"

"हिच्या श्वासाची. हवा किती आणि पेट्रोल किती, त्याचा मेळ." यान-रूने खाचांवर बोट ठेवलं. "ती डबी काढून घेतली आहे, म्हणून इथे आता सुकी पडते. या जागी तुम्हाला हलका गचका बसेल. मूठ सोडली की फटफट होईल."

"एकेका श्वासाला मोजून देते गाडी पेट्रोल?"

"एकेका. तुमची पापणी लवते ना, तेवढ्यात दहा-बारा वेळा."

बी-लुआनने नकळत पापणी लववली. हुओ-मूनेही लववली, हे तिने पाहिलं.

मग यान-रूने बाकावर तीन वस्तू मांडल्या. तिघींची कुळकथा तिने उभ्या उभ्या सांगितली. पहिल्या प्रकारात डबी नव्हतीच, नुसती एक केबल होती. तिने गाडीच्या मूळ मेंदूतलंच, म्हणजे पेट्रोल ठरवणाऱ्या कॉम्प्युटरमधलंच गणित पुसून नवं लिहायचं. काम साफ, वर काही लटकत नाही, पण एकदा लिहिलं की आत काय चाललंय ते मालकाला दिसायचं नाही. दुसरी होती पत्त्यांच्या जोडाएवढी काळी डबी. ती मेंदू आणि इंजेक्टरच्या मध्ये बसते. मेंदू म्हणतो इतकं पेट्रोल, डबी त्यात चिमूटभर घालते किंवा काढते. कुठे किती, ते यान-रू रोलरवर ठरवून देणार. तिसरीही तशीच डबी, पण तिला एक शेपूट होतं आणि शेपटाच्या टोकाला अंगठ्याएवढा सेन्सर.

"हे हिचं नाक," यान-रू म्हणाली. "सायलेन्सरच्या नळीला भोक पाडून, वेल्डिंग करून हे आत बसवायचं. जळून गेलेल्या धुराचा वास घेत राहतं. धुरात हवा उरली असेल तर पेट्रोल कमी पडलं. उरली नसेल तर जास्त झालं. मग डबी सुचवते, या वेगाला, मूठ एवढी पिळलेली असताना, एवढं वाढवा, एवढं कमी करा."

"सुचवते? स्वतः करत नाही?"

"करायला लावता येतं. पण मी तसं सोडत नाही. ती सुचवते, मालकाने बघायचं, पटलं तर हो म्हणायचं."

हुओ-मूने घसा साफ केला. "बाई, यातली कमी कटकटीची कुठली?"

"केबल, काका. आज संध्याकाळी घरी जाल."

"मग तीच कर. हिच्या नादी लागू नकोस. हिला नाकवाली दिलीस तर ही जेवायलासुद्धा घरी यायची नाही."

बी-लुआनने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "वर काय होईल?" तिने विचारलं. "वू-लिंगच्या खिंडीत?"

यान-रू पहिल्यांदाच थोडी थांबली. "हवेचा दाब ओळखायची सोय मूळ मेंदूतच आहे. तो वर गेल्यावर पेट्रोल कमी करतो. या तिन्हींपैकी कुठलीच त्याच्या आड येत नाही. म्हणजे तिन्ही चालतील. पण खरं सांगू? माझा रोलर इथे, डोंगराच्या पायथ्याशी. वरची हवा मला इथे आणता येत नाही. केबल आणि ही मधली, वरचं काम अंदाजाने करतील. अंदाज चांगला असतो माझा. पण अंदाजच."

"आणि नाकवाली?"

"ती तिथेच असेल. तुमच्याबरोबर."

"मग तीच दे."

"मावशी, ही लगेच शहाणी होत नाही. आधी अडखळते. रोज हिंडवावी लागते, कधी सावकाश, कधी जोरात. आकडे वाचायला शिकावे लागतात. गाडी पळवायची असेल तर एवढा खटाटोप कशाला?"

"पळवायची कुणाला आहे? मला बघायचंय, ती वरती काय करते ते."

यान-रू तिच्याकडे बघत राहिली. "इथे येणारा प्रत्येक जण म्हणतो, वेग वाढव. बघायचंय म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या," ती म्हणाली आणि वेल्डिंगचा चष्मा उचलला.

त्यानंतर पू-लीच्या शेतरस्त्यांनी रोज सकाळी एक बाई मोठी गाडी चालवताना पाहिली, एकदा गोगलगायीसारखी, एकदा वावटळीसारखी. हँडलवर पुस्तकाच्या पानाएवढा पडदा बसवला होता. वरच्या आकड्याने धुराचा वास सांगायचा, खालच्याने एका श्वासाला दिलेलं पेट्रोल. डबीने रात्रीपर्यंत काय काय सुचवलं, ते बी-लुआन जेवणाआधी बघायची. सुरुवातीला सूचना लहान होत्या आणि रास्त वाटत होत्या. ती हो म्हणत गेली. गाडी मऊ होत गेली. वळणावर मूठ सोडली की होणारी फटफट थांबली.

मग मात्र काहीतरी बिनसलं. डबी रोजच म्हणू लागली, पेट्रोल वाढवा. बी-लुआनने वाढवलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली, अजून वाढवा. अंगणात गाडी उभी केली की कच्च्या पेट्रोलचा वास यायला लागला. तिने एक प्लग काढून पाहिला. पुन्हा काळा.

"ही पण खोटारडीच निघाली," ती पायरीवर बसून म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. तिने त्या डबीवर फार जीव लावला होता.

हुओ-मू दारातून बघत होता. इतके दिवस त्याने गाडीला हात लावला नव्हता. "खोटं बोलते की तिला खोटं सांगतात?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तुझं ते नाक. त्याला हवेचा वास येतोय ना? म्हणून ते पेट्रोल मागतंय. पण ती हवा आतलीच कशावरून?" तो आत गेला आणि देव्हाऱ्यातून उदबत्तीची पुडी घेऊन आला. "बॉयलरला कुठे सुटलंय हे दर वेळी कानाने कळत नाही. बाहेर फुंकणारी गळती कळते. आत ओढणारी कळत नाही. गाडी चालू कर. मूठ पिळू नकोस, नुसती चालू ठेव."

त्याने उदबत्ती पेटवली आणि गुडघे टेकून इंजिनाजवळ धरली. धुराची सरळ रेघ वर जात होती. हात हळूहळू सरकवत तो नळीच्या जोडापाशी आला, नव्या वेल्डिंगच्या अलीकडे, जिथे नळी इंजिनाला मिळते तिथे. आणि तिथे ती रेघ वाकली. वाकली, तुटली, आणि फट् फट् फट् करत तुकड्या-तुकड्यांनी जोडाच्या आत शिरू लागली. इंजिनाचा प्रत्येक ठोका पडला की धुराचा एक घास आत जायचा.

बी-लुआन उकिडवी बसली. श्वास रोखून ती बघत राहिली. केसाएवढी फट. तिच्यातून बाहेरची हवा आत जात होती, आणि नाकाला वाटत होतं ती इंजिनात उरलेलीच हवा आहे. नाक खरं बोलत होतं. त्याच्यापर्यंत पोचत होतं तेवढंच ते सांगत होतं.

"पॅकिंग बसलं नाही नीट," हुओ-मू म्हणाला आणि गुडघे धरत उठला. "त्या पोरीला सांग, काका म्हणतात नवीन टाक."

यान-रूने फोनवर सगळं ऐकलं. "उदबत्तीने? काका आहेत का घरी? त्यांना म्हणावं, चूक माझी. आणि म्हणावं, पगार काय घेता?"

"ते महाग आहेत," बी-लुआन म्हणाली. "जेवायला मागतात."

पॅकिंग बदललं. बी-लुआनने वाढवलेलं सगळं मागे घेतलं आणि पहिल्यापासून हिंडायला लागली. फरक एवढाच, की आता हुओ-मू सांगितल्याशिवाय मागे बसायचा.

थंडी उतरत असताना एका सकाळी ते निघाले. वू-शे मागे पडलं, मग मेंढ्यांची कुरणं, मग चहाचे मळे. यान-रूने सांगून ठेवलं होतं, की गियर तोच ठेवा, मूठ तितकीच ठेवा, म्हणजे जो फरक दिसेल तो हवेचा. बी-लुआन जमेल तिथे तसंच करत होती. नजर रस्त्यावर होती. आकडे हुओ-मू वाचायचा, तिच्या खांद्यावरून मान पुढे काढून, देवळात कौल सांगतात तशा आवाजात.

"वरचा आहे तिथेच. खालचा थोडा उतरला."

त्सुई-फंगला पाइनची झाडं आडवीतिडवी झालेली. गार वारा कॉलरमधून शिरला.

"वरचा तिथेच. खालचा अजून उतरला."

युआन-फंगचा चढ आला. या वेळी गाडीने गचका खाल्ला नाही. आवाज मात्र बदलला होता. बसका, पोकळ, एखाद्या मोठ्या खोलीतून येतो तसा. जोरही कमी झाला होता. ती एक गियर खाली आली आणि गाडी धीराने वर चढत राहिली.

"वरचा?" तिने ओरडून विचारलं.

"हललेला नाही!" आता हुओ-मूच्या आवाजातही कौल सांगण्याची ऐट उरली नव्हती. "अगं, खालचा बघ ना कुठे गेलाय. मघापेक्षा किती कमी पितेय ही. आणि वरचा काट्याला काटा!"

बी-लुआनच्या अंगावर शहारा आला, आणि तो थंडीचा नव्हता. आयुष्यभर ती हवेत वावरली होती. पाण्यात उभी राहिली म्हणून पाण्याची खोली तिला मांडीवर कळायची, कमरेवर कळायची. हवेलाही खोली असते, ती तळाशी दाट आणि वर पातळ असते, हे तिने शाळेत ऐकलं असेल, पण तिला कधी जाणवलं नव्हतं. आज ती त्या तळातून वर येत होती. गाडी एकेका श्वासाला चाचपून बघत होती, इथे किती आहे, आणि जेवढी हवा तेवढंच पेट्रोल देत होती. ना हावरेपणा, ना उपास. पापणी लवते तेवढ्यात दहा-बारा वेळा. कुणी सांगितलं नाही, कुणी हात लावला नाही. तिला एकदम असं वाटलं, की आपण दोघं नाही, तिघं चढतोय, आणि तिसऱ्याला डोंगर आपल्यापेक्षा नीट कळतोय.

कुन-यांगच्या थांब्यावर तिने गाडी कडेला घेतली, कारण मागचं बोलणं बंद झालं होतं. हुओ-मू उतरला आणि कठड्याला टेकला. ओठ फिके, श्वास भात्यासारखा.

"डोकं दुखतं?"

"ठणकतंय." त्याने गाडीकडे बोट दाखवलं. ती शांतपणे, एका लयीत चालू होती. "हिला डबी बसवलीस. मला काय बसवलंस?"

तिला हसूही आलं आणि काळजीही वाटली. तिने थर्मासमधला आल्याचा चहा त्याला दिला, स्वतःचा मफलर त्याच्या गळ्यात गुंडाळला आणि म्हणाली, "परत फिरू या. बघायचं होतं ते बघितलं मी."

"बस जरा. गप्प बस." तो घोट घोट चहा पीत राहिला. हळूहळू रंग परतला. पलीकडे कुणी सायकलवाला रस्त्यावर आडवा पडून धापा टाकत होता. त्याला पाहून हुओ-मूला बराच धीर आला. "चल. सावकाश."

वरच्या टोकाला, वू-लिंगच्या खिंडीत, तिने इंजिन बंद केलं, तेव्हा कान बधिर व्हावेत इतकी शांतता होती. समोर, पूर्वेकडे, जमीन नव्हतीच. ढग भरलेले होते, क्षितिजापर्यंत, आणि त्यातून काळी शिखरं वर आलेली. वारा सुटला की त्या ढगांची कड खिंडीवर चढायची आणि पश्चिमेच्या उतारावर सांडून विरून जायची. बसमधून आली तेव्हाही हे असंच असणार. तेव्हा तिला ते सुंदर दिसलं होतं. आज तिला ते खोल दिसलं. खाली पू-ली होतं, शेतं होती, पाण्यात उभ्या बायका होत्या, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर एवढी सगळी हवा होती. रोज आपण एवढ्याच्या तळाशी उभे असतो?

हुओ-मूने हातमोजा काढला होता आणि हवेत हात पसरून बोटं हळूच उघडत मिटत होता, कापडाचा पोत बघावा तसा.

"काहीच लागत नाही हाताला," तो शेवटी म्हणाला. "आणि हिला कळतं."

खिंडीत गर्दी वाढू लागली. लोक उंचीच्या पाटीपाशी फोटो काढायला रांग लावत होते. बी-लुआनने हेल्मेट उचललं. "निघू या? डोकं?"

"आहे जागेवर." त्याने पूर्वेकडच्या रस्त्याकडे पाहिलं. तो रस्ता ढगांत उतरून दिसेनासा होत होता. "मी काय म्हणतो, तिकडून थोडं खाली जाऊन यायचं का?"

"तिकडून? अरे, तिकडे आपलं काय आहे?"

"काही नाही. पण आपण एकाच बाजूची हवा दाखवली तिला. तिकडची ओली असते म्हणतात, समुद्रावरून येते. बघू तर काय म्हणते."

बी-लुआनने त्याच्याकडे बघितलं. मग ती सीटवर बसली आणि बटण दाबलं. गाडी पहिल्या हाकेला ओ देऊन चालू झाली. हुओ-मू मागे बसला, मफलर नीट केला, आणि चष्म्याची काच पुसून तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली.

"सोड," तो म्हणाला.

उतार लागला. ढगांची कड पायापाशी आली, मग गुडघ्यापाशी, आणि बघता बघता दोघं गाडीसकट आत गेली.